पागनीसांची मुकी कुत्री

मला कुत्री आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर कोणीतरी मला प्राणिप्रेमी समजायचं आणि रस्त्यावरची चार पिल्लं आणून माझ्या दारात सोडायचं. सोलापूरहून बदली होऊन मी उज्जैनला आले त्याला आता सव्वीस वर्षं झाली. बँकेची नोकरी संपली, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, हे गेले, आणि नानाखेड्याजवळच्या कॉलनीतलं घर तेवढं राहिलं. एवढ्या वर्षांत मी एकाही कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवलेला नाही. तरीही हल्ली कुठंही कुत्रा दिसला की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघते, मग डोळ्यांकडे, मग शेपटीकडे. ही सवय मला पागनीसकाकांनी लावली. त्यांची आठवण सांगायची तर माझी स्वतःची एक चूक सांगावी लागते, आणि चूक कबूल करणं माझ्या स्वभावात नाही. पण सांगते.

पागनीसकाका कुत्री शिकवायचे. साठी ओलांडलेला, काटकुळा, उन्हानं रापलेला माणूस. खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्यावर पंचा, कमरेला चामड्याची थैली. त्या थैलीत भाजलेल्या कलेजीचे तुकडे असायचे, त्यामुळं काका यायच्या आधी त्यांचा वास यायचा. मी त्यांना चहा ओट्यावरच देई. त्यांना त्याचं काही वाटत नसे. "आमचे पूर्वज शिंदेसरकारच्या पागेत होते, वहिनी," असं ते चहा फुंकत सांगत. "पागा गेली, घोडे गेले. मग मिल आली, तीही बंद पडली. शेवटी पागनीसांच्या हातात काय उरलं? कुत्रे!" आणि स्वतःच खो खो हसत. मराठी त्यांची इथलीच, तीन पिढ्या मुरलेली. ते कोणाला 'भेटायला' जात नसत, 'मिळायला' जात. मी सुरुवातीला दुरुस्त करायची. मग एक दिवस माझ्या मुलीशी फोनवर बोलताना मीच "मिळायला ये ना गं" म्हणाले आणि काकांना दुरुस्त करणं सोडून दिलं.

रविवारी सकाळी कॉलनीच्या बागेत त्यांचा वर्ग भरायचा. सोसायटीची सेक्रेटरी मी, त्यामुळं परवानगी माझीच. आल्याआल्या ते बाकावर जुना पेपर अंथरून आपलं सामान मांडत. ओढलं की आवळणारी साखळी. आतल्या बाजूनं लोखंडी काटे असलेला पट्टा. तोंडाला घालायचं मुसकं. दहा मीटर लांब सुती पट्टी, शिट्टी, आणि फलाटीनच्या मऊ कापडात गुंडाळलेला एक काळा पट्टा, ज्याला छोटी डबी बसवलेली होती. हा करंटवाला. त्याचा रिमोट काकांच्या शर्टाच्या खिशात असे. बटण दाबलं की कुत्र्याच्या मानेला झटका. त्या काळात काकांना या पट्ट्याचा फार अभिमान होता. बाकी सगळं सामान उघडं पडलेलं असे, पण हा फलाटीनमध्येच.

कुत्र्यापेक्षा जास्त ते मालकांना झापत. "एकदाच सांगायचं! दहादा 'बैठ बैठ बैठ' कराल तर त्याला वाटेल आपलं नावच बैठबैठ आहे." महिन्याभरानं परीक्षा, ती राम घाटावर. सकाळच्या गर्दीतून, पंड्यांच्या छत्र्यांमधून, घंटा आणि फुटणारे नारळ आणि प्रसादाचे द्रोण यांच्यातून जो कुत्रा मान न वळवता मालकाच्या गुडघ्याशी चालेल तो पास. मी एकदा मुद्दाम बघायला गेले होते. "आ गए कुत्तों के मास्टर!" असं पंडे ओरडत आणि काका एखाद्या हेडमास्तरासारखे मागे हात बांधून चालत. एका अल्सेशियननं पेढ्याच्या टोपलीकडे नुसतं नाक वळवलं तर त्याला नापास करून परत पाठवलं. तेव्हा त्यांचं एकच म्हणणं होतं, कुत्रा म्हणजे शिस्त. मला ते पटलं होतं. बँकेत तीस वर्षं काढलेल्या बाईला दुसरं काय पटणार?

आता माझी चूक.

माझ्या घरासमोर ढवळीकरांचं घर. सुनंदावहिनी, त्यांचा मुलगा नितीन, सून, आणि नात ईरा. त्यांच्याकडे टायगर नावाचा धिप्पाड काळा कुत्रा होता. तो कधी कोणाला चावला नव्हता, पण फाटकाशी कोणी आलं की गुरगुरायचा. दूधवाला असो, पोस्टमन असो, मी असो. त्या आवाजाच्या भीतीनं मी रस्त्याच्या कडेकडेनं चालायची. मी सरळ सोसायटीच्या लेटरहेडवर नोटीस काढली. कुत्र्याचा आवाज बंद करा, नाहीतर कुत्रा कॉलनीबाहेर काढा. सुनंदावहिनी रडत माझ्याकडे आल्या. तेव्हा मीच त्यांना म्हटलं, "रडताय कशाला? पागनीसकाकांना सांगा, वीस दिवसांत सुतासारखा सरळ करतील."

आणि केला त्यांनी. टायगरच्या गळ्यात तो काळा पट्टा, काका अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, एक हात खिशात. आम्ही कॉलनीवाल्यांनी एकेक करून फाटकावरून जायचं. टायगर गुरगुरला की खिशातला हात हलायचा आणि टायगरची मान झटकन बाजूला जायची, कान मागे पडायचे. तिसऱ्या दिवशी तो किंचाळला. मी घरात येऊन टीव्हीचा आवाज वाढवला. विसाव्या दिवशी मी स्वतः फाटक उघडून आत गेले, बाहेर आले, परत आत गेले. टायगर उभा होता, चित्रातल्यासारखा. आवाज नाही. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "लिहून देतो, वहिनी," काका म्हणाले, "आता हा जन्मात गुरगुरणार नाही." मी म्हटलं, "जादूच केलीत हो!" आणि त्या दिवशी त्यांच्यासाठी केळं घालून शिरा केला.

पुढं जे झालं ते फक्त उज्जैनमध्येच होऊ शकतं. हे भैरवाचं गाव. काळा कुत्रा म्हणजे देवाचं वाहन. आणि इथं तर असा काळा कुत्रा, जो लहान मुलांनी कान ओढले, शेपूट धरली तरी हूं की चूं करत नाही! आधी मागच्या गल्लीतली एक बाई रविवारी जिलबीसारखी इमरती घेऊन आली. तिच्या नवऱ्याची रखडलेली बदली झाली. मग काय विचारता! महिन्या-दोन महिन्यांत रविवारी ढवळीकरांच्या फाटकाशी रांग लागायला लागली. टिळा, झेंडूचा हार, इमरती. टायगरचा भैरूबाबा झाला. नितीननं लोकांसाठी बाहेर बाक टाकला. चार वर्षांची ईरा भैरूबाबाच्या पाठीवर बसून फोटो काढून घ्यायची. सुनंदावहिनी, ज्या माझ्या नोटिशीला घाबरून रडल्या होत्या, त्या आता मला प्रसाद पाठवायला लागल्या. मीसुद्धा एकदा लांबूनच हात जोडले. काय करणार, गावाचा वारा लागतोच.

मग एका दुपारी पागनीसकाका माझ्या फाटकाशी येऊन उभे राहिले. पिशवी नाही, थैली नाही. पाणी मागितलं. ओट्यावर बसले आणि पेला तसाच हातात धरून राहिले. फ्रीगंजमधल्या एका घरचा डॉबरमन तीन वर्षांपूर्वी त्यांनी असाच गप्प करून दिला होता. त्या घरातली म्हातारी आई कुत्र्याच्या भांड्याजवळ पडलेला चष्मा उचलायला वाकली. त्यानं तिचा गाल फाडला.

"मालकाचा फोन आला," काका म्हणाले. "भांडायला नाही हो. नुसतं सांगत होता. म्हणे, काका, आवाज तर काहीच नाही झाला. एकदम काहीच नाही. आई म्हणते मला माहीतच पडलं नाही." त्यांनी पेला खाली ठेवला. "मीच शिकवलं होतं ना त्याला, वहिनी. पक्कं शिकवलं होतं."

मला पटकन कळलं नाही. मी म्हटलं, "अहो, एखादा कुत्रा बिघडतो. त्यात तुमचं काय?"

"बिघडला नाही. मी समजत होतो की गुरगुर काढून टाकली म्हणजे रागही गेला. राग तर तिथंच बसलाय. मी फक्त त्याचं सांगणं बंद केलं." आणि मग समोरच्या घराकडे बघत म्हणाले, "असे नऊ केले मी. त्यातला एक तो."

समोर ईरा टायगरच्या गळ्यात हात टाकून बसली होती. उन्हं चांगली होती, सुनंदावहिनी गहू पाखडत होत्या. 

त्या दिवसापासून काका बदलले. लोक म्हणत म्हातारा सटकला. पुढच्याच रविवारी वर्गात एक नवा मालक आला, हातात जाड सोन्याचं कडं, बरोबर बॉक्सर. म्हणे मला तो करंटवाला पट्टा पाहिजे, याचं भुंकणं बंद करायचंय. काकांनी फलाटीन उलगडलं. "आधी तुम्ही," म्हणाले, आणि पट्टा त्याच्या मनगटाला बांधून बटण दाबलं. तो माणूस असा काही ओरडला आणि माळवीत अशी काही शिवी घातली की बागेतल्या बायका पळाल्या. काका शांतपणे म्हणाले, "ओरडलात. आता ओरडायचं नाही. ओरडलात की परत दाबीन." तो माणूस पांढरा पडला. ओठ घट्ट मिटून उभा राहिला. काकांनी बटणावर बोट तसंच ठेवून त्याला विचारलं, "आता राग आलाय की गेलाय?" आणि पट्टा सोडून दिला. तो परत कधी आला नाही. आणखी चार-पाच जणही आले नाहीत. तो पट्टा काकांनी दगडानं ठेचून कचऱ्यात टाकला.

त्या नऊ कुत्र्यांच्या घरी ते एकेक करून गेले. गुरगुर परत द्यायला! हे ऐकूनच लोक दार लावून घेत. "आधी गप्प करायला बोलावलं, आता म्हणतो बोलायला शिकवतो." एक कुत्रा मेला होता, दोघांचे मालक गाव सोडून गेले होते. फ्रीगंजच्या डॉबरमनला तर त्याच्या मालकांनी सुई देऊन कायमचं झोपवलंच होतं. उरले पाच. त्यातल्या चार घरांत काकांना आत घेतलं.

त्यांची पद्धत मी एकदा पाहिली, देवास रोडवरच्या एका बंगल्यात. पद्धत कसली, मागे सरणं. कुत्रा भांड्यात खात असायचा, काका लांबून एक पाऊल पुढं टाकायचे आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. त्यानं नुसती जीभ फिरवली, मान जराशी वळवली, की लगेच दोन पावलं मागे. एक कलेजीचा तुकडा लांबून टाकायचा आणि निघून जायचं. बस. रोज एवढंच. "तो हळू बोलला तरी मी ऐकतो, हे त्याला पटलं पाहिजे. मग तो जोरात बोलेल." त्या सवयीनं ते माणसांशीही तसंच वागायला लागले. मी नुसत्या भुवया चढवल्या तरी काका ओट्यावरून दोन पावलं मागे. मला आधी हसू यायचं, मग यायचं नाही. पाच महिन्यांनी तो कुत्रा पहिल्यांदा गुरगुरला तेव्हा काकांनी आमच्या कॉलनीत पेढे वाटले. लोकांनी पेढे खाल्ले आणि मागे हसले.

पाचवं घर ढवळीकरांचं. मीही बरोबर गेले. नितीन हसूनच बोलला, "काका, लोक याच्या पाया पडतात आणि तुम्ही म्हणता याला गुरगुरायला शिकवतो? आणि शांत तर तुम्हीच केलाय ना याला?"

"मी शांत नाही केला रे. गप्प केला."

"एकच झालं."

"एकच नाही, बेटा."

सुनंदावहिनी मध्ये पडल्या. "आमच्या भैरूला नजर लावू नका हो काका. देवाचा जीव आहे."

"बरं. मग निदान ईराला लांब ठेवा. बस एवढंच करा. हात जोडतो."

"ती तर त्याच्या अंगावरच वाढलीये!" सुनंदावहिनींचा आवाज चढला आणि काका आपोआप दोन पावलं मागे सरले. तिथंच सगळं संपलं. मागे सरणाऱ्या माणसाचं कोण ऐकतो?

मग ते रोज सकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसायला लागले. नुसते समोर बघत. मला काम होईना, कारण मीही बघायला लागले. एकदा ईरानं नेहमीसारखी टायगरला मिठी मारली. रस्त्यानं जाणारी एक बाई थांबून म्हणाली, "कितना प्यारा है!" आणि काका माझ्या कानाशी हळू आवाजात सांगत होते. "बघा. तोंड मिटलं. आता जीभ फिरली नाकावरून. डोळ्याचा पांढरा भाग दिसला? मान वळवली. हे सगळं तो नको म्हणतोय, वहिनी. चारदा बोलला." मग टायगर थिजला. अंगाचा एक केस हलेना. "हे शेवटचं. याच्यापुढं फक्त दात आहेत." ईराला आतून कोणीतरी बिस्किटाला हाक मारली आणि ती पळाली. टायगरनं अंग झटकलं. काकांनी पंच्यानं तळहात पुसले. मी देवघरात जाऊन बसले, पण पूजा काही झाली नाही. एकदा दिसायला लागलं की मग तेच दिसतं. दिवसातून दहा वेळा ती पोर त्या कुत्र्याच्या तोंडाशी, आणि मी खिडकीत.

शेवटी मी सुनंदावहिनींना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. माझा स्वभाव म्हणजे काय, बोलता बोलता मी ओरडलेच. "पोरीचा चेहरा जाईल अशानं! डोळे उघडा!" त्यांनी शांतपणे पदर खोचला. मग म्हणाल्या, "वैद्यताई, नोटीस तुम्हीच काढली होती ना?"

 मी घरी आले आणि त्या दिवशी जेवले नाही.

भैरव अष्टमी आली. ढवळीकरांनी फाटकाशी मांडव घातला, ढोल बोलावला. सकाळी आठपासून लोकांची रीघ. टायगरला लाल कापडावर बसवलेलं, अंगावर जरीची शाल, गळ्यात तीन हार. शेजारी ईरा, नवा परकर-पोलका घालून, प्रसाद द्यायला. काका सगळ्यांच्या आधी येऊन कुत्रा आणि ईरा यांच्या मधे जमिनीवर बसले होते, कुत्र्याकडे अर्धी पाठ करून. नितीन म्हणाला, "बसू द्या म्हाताऱ्याला." मी माझ्या फाटकात उभी. मला दुसरं काही दिसत नव्हतं, फक्त त्या कुत्र्याचं तोंड. प्रत्येक हाताबरोबर जीभ नाकावरून फिरत होती. फिरत होती, फिरत होती. दहाच्या सुमाराला ती फिरायची थांबली.

मी ओरडले. "ईरा!" ढोलात माझा आवाज बुडाला. ईरा काकांच्या खांद्यावरून पुढं वाकली होती, भैरूबाबाचा हार सरळ करायला. काकांनी मान वर केली नाही, नुसता डावा हात तिच्या चेहऱ्यापुढं धरला.

आवाज झाला नाही. मला आजही तेच आठवतं. ढोल वाजत होता, लोक जय म्हणत होते, आणि काकांचा पंजा टायगरच्या तोंडात होता. त्यांनी तो ओढला नाही. ओढला तर फाटतं, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. दगडासारखे बसून ते ईराला म्हणाले, तिनंच नंतर सांगितलं, "बेटा, आजीकडे जा. हळू." ती गेली. मग कुत्र्यानं आपण होऊन तोंड उघडलं. कापड लालच होतं, त्यामुळं रक्त कोणाला लगेच दिसलं नाही.

दिसलं तेव्हा लोकांनी काय करावं? ढोल थांबला. रांगेतली एक बाई मोठ्यानं म्हणाली, "पापी है कोई! बाबा ने पहचान लिया!" आणि ते सगळ्या मांडवात पसरलं. पापी है, पापी है. लोक घाबरून मागे सरण्याऐवजी आणखी पुढं आले. एकानं टायगरच्या पायावर डोकं ठेवलं! मला वाटलं, आता हे सगळं परत सुरू होणार, आत्ता, याच क्षणी, आणि या वेळी मधे कोणाचा हात नसणार. 

काका उभे राहिले. पंचा हाताला गुंडाळला, दुसरा हात छातीशी नेला आणि वर्गात बोलत त्या आवाजात बोलले. "सही कह रही हैं आप. पापी हूँ मैं. इसी का गुनहगार हूँ. बाबा ने भरी सभा में मेरा हाथ पकड़ा है. अब जिसका हाथ पकड़ा, सेवा वही करेगा. इन्हें मैं अपने घर ले जाऊँगा."

सव्वीस वर्षं मी या गावात आहे, असली प्रथा मी बापजन्मात ऐकलेली नाही. पण गर्दीतले एक आजोबा गंभीरपणे मान हलवत म्हणाले, "हाँ, ऐसा ही होता है." झालं! दुसऱ्यानं दुजोरा दिला, तिसऱ्यानं जय म्हटलं. नितीन काहीतरी बोलायला गेला, तर सुनंदावहिनींनी त्याचा दंड धरला. ईराला त्यांनी पोटाशी आवळून धरलं होतं. त्यांनी पाहिलं होतं. काकांचा हात कुठं होता आणि पोरीचा गाल कुठं होता, ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी स्वतः साखळी आणून काकांपुढं ठेवली. 

काकांनी एका हातानं हार काढले, शाल काढली. पिशवीतून मुसकं काढून त्याच्या तळाशी कलेजी ठेवली आणि ते तसंच धरून उभे राहिले. घातलं नाही, नुसतं धरलं. टायगरनं आपलं नाक त्यात घातलं तेव्हाच बंद बांधला. पंच्यातून रक्त टपकत होतं आणि हा माणूस कुत्र्याची वाट बघत उभा! मी ऑटो बोलावला. दोन बोटं गेली पुढं दवाखान्यात. इंजेक्शनं झाली, टाके झाले. त्यांचं स्वतःचं म्हणावं असं कोणी नव्हतंच बघायला यायला.

भैरवगढला कापड छापणाऱ्या छिप्यांच्या घरांमागे त्यांची भाड्याची खोली होती. तिथं मी त्यांना एकदाच भेटले, चार महिन्यांनी. तीच शेवटची भेट ठरली. पुढच्या वेळी गेले तर कुलूप होतं. शेजारचे छिपे म्हणाले, कुत्र्याला घेऊन आगर गावाकडे कुठं शेतावर राहायला गेले. खरंखोटं तो भैरव जाणे, फोन तर लागत नाही.

त्या शेवटच्या भेटीआधी फोनवर त्यांनी बजावलं होतं, "या मिळायला, पण फाटकाबाहेर थांबायचं." नदीकडच्या मोकळ्या जागेत छापलेली कापडं वाळत पडली होती, त्यांच्यामधून वाट काढत मी गेले. काका अंगणात उभे. अंगानं आणखी उतरलेले, गालफडं बसलेली. मागे अर्ध्या अंगणाला जाळी आणि जाळीमागे सावलीत टायगर. त्याच्या गळ्यात बैलाच्या गळ्यातलं असतं तसं घुंगरू होतं. तो चालला की वाजायचं.

"हा आवाज देत नाही, म्हणून याला आवाज बांधला," काका म्हणाले. "वाजतंय तोवर ठीक. थांबलं की समजायचं थिजला. मग मी मागे."

"आणि झोपल्यावर हो?"

"जाळीचं दार लावून घेतो."

"आणि दार उघडं असताना चक्कर आली, पडलात तर? या एकट्या घरात?"

ते पंच्यानं मान पुसत राहिले. मला रागच आला. खरं तर भीती वाटली, पण माझी भीती रागासारखीच बाहेर पडते. "अहो, द्या ना याला डॉक्टरांच्या हवाली! फ्रीगंजवाल्यांनी केलं तसं करा. किती दिवस जिवावर उदार होऊन राहणार?"

"आवाज मी काढून घेतला, वहिनी," ते म्हणाले. "मग परत कोण देईल? डॉक्टर देईल?"

 मी बेसनाचे लाडू नेले होते. डबा द्यायला मी फाटकावरून हात आत घातला आणि त्याबरोबर घुंगरू थांबलं.

काका बोलता बोलता थांबले. डाव्या हाताची उरलेली तीन बोटं त्यांनी माझ्याकडे वर केली. "हलू नका."

जाळीचं दार उघडं होतं. इतका वेळ माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. टायगर त्या दारात उभा होता, मुसकं नव्हतं, मिटलेलं तोंड माझ्या हाताकडे. डोळ्याचा पांढरा भाग मला तिथून दिसला. मी डब्यासकट तशीच उभी. 

मग आवाज आला. आधी नुसती घशात खरखर, आजारी माणसानं खाकरावं तशी. थांबला. परत आला. या वेळी खोल, जाड, लांब. गुर्रर्र. ज्या आवाजासाठी मी लेटरहेडवर नोटीस काढली होती, तोच.

काकांचे डोळे भरून आले. पण ते वळले नाहीत, शाबास म्हणाले नाहीत, काहीच नाही. ओठ न हलवता मला म्हणाले, "ऐकलंत?"

"ऐकलं."

"मग जा, वहिनी. आत्ताच्या आत्ता. त्यानं सांगितलंय, आपण गेलं पाहिजे. आज नाही ऐकलं तर परत नाही सांगायचा."

"आणि तुम्ही?"

"जा म्हणतो ना."

मी हात हळूच बाहेर घेतला. डबा तसाच पोटाशी धरून एक पाऊल मागे टाकलं, मग दुसरं. काकाही मागे सरत होते, पाठ भिंतीला लागेपर्यंत. वाळत्या कापडांपाशी वाट वळते तिथपर्यंत मी तशीच उलट्या पावलांनी गेले, कान देऊन. घुंगरू अजून वाजलं नव्हतं.